खाद्यतेले व तेलघाणे, उत्तर कोकणातील

वनस्पतींच्या बिया किंवा फळांचा गर यांपासून काढलेल्या आणि आहारात वापरल्या जाणाऱ्या तेलांना खाद्यतेले म्हणतात. उत्तर कोकणात, विशेषतः पनवेल, पेण, अलिबाग व रेवदंडा या पट्ट्यात, ही तेले बैलाच्या लाकडी घाण्यावर काढण्याचा व्यवसाय अनेक शतके चालत आला होता. त्याचा मोठा भाग बेने इस्राएल या मराठी भाषक ज्यू समाजाच्या हाती होता. एकोणिसाव्या शतकात दळणवळणाचे मार्ग बदलले व रॉकेलचा प्रसार झाला. विसाव्या शतकात यांत्रिक दाबयंत्रे, विद्रावक निष्कर्षण आणि हायड्रोजनीकरण ही तंत्रे आली. त्यांपुढे घाण्याचा निभाव लागला नाही. तथापि विकत घेतलेले तेल वा तूप शुद्ध आहे की नाही हे कसे ओळखावे आणि कोणती वसा शरीरास हितकर, हे दोन प्रश्न तेलाच्या व्यवसायाबरोबर प्रथमपासून आहेत. त्यांची उत्तरे रसायनशास्त्राने टप्प्याटप्प्याने दिली.

प्रकार व संज्ञा : तेल हा शब्द संस्कृत ‘तैल’ म्हणजे ‘तिळापासून झालेले’ यावरून आला आहे. यावरून तीळ हे या देशातील प्राचीन तेलबी असल्याचे दिसते. मराठीत खाण्याच्या तेलास ‘गोडे तेल’ आणि करंज, उंडी इत्यादींच्या अखाद्य तेलास ‘कडू तेल’ म्हणण्याचा प्रघात आहे. खोबरेल, एरंडेल, उंडेल, भिरंडेल या नावांतील अंत्य ‘एल’ हे तेल या शब्दाचेच रूप होय. कोकणातील मुख्य पीक भाताचे असले, तरी डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी व वरी यांच्या पाळीनंतर तीळ आणि खुरासणी (कारळे) पेरीत असत. किनाऱ्यालगत नारळ व उंडी मुबलक होती. तिळाच्या बियांत सु. ५० टक्के, खुरासणीत ३५ ते ४० टक्के आणि सुक्या खोबऱ्यात ६० टक्क्यांहून अधिक तेल असते. घाटावरून करडई व पुढे भुईमूग येऊ लागला. भुईमूग हे मूळचे दक्षिण अमेरिकेतील पीक असून तेलबी म्हणून त्याचा महाराष्ट्रातील मोठा प्रसार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व त्यानंतर झाला.

शनिवार तेली : बेने इस्राएल समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळील नवगाव येथे फुटले व त्यातून सात जोडपी वाचली. या घटनेच्या काळाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. कुलाबा किनाऱ्यावरील गावांतून स्थायिक झालेल्या या लोकांनी तेल गाळण्याचा व्यवसाय पत्करला. मराठी ही त्यांची मातृभाषा झाली व पनवेलकर, पेणकर, नवगावकर, केहिमकर यांसारखी ग्रामनामांवरून पडलेली आडनावे रूढ झाली. सुंता, काही खाद्यनिषेध व शब्बाथ म्हणजे शनिवारची विश्रांती हे आचार त्यांनी टिकवून धरले. शनिवारी ते घाण्यास बैल जुंपीत नसत, म्हणून शेजारचे लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. सोमवारी घाणा बंद ठेवणारे तेली ‘सोमवार तेली’ म्हणून ओळखले जात. व्यवसाय एकच असल्याने समाजासमाजांतील भेद सुटीच्या वारावरून दाखविला जाई. ज्या काळात या समाजाचा इतर ज्यूंशी नियमित संबंध नव्हता, त्या काळात त्याची ओळख टिकविण्यास हे नाव काही अंशी उपयोगी पडले. बाहेरच्या ज्यू धर्मशिक्षकांनी त्यांना ओळखले, ते याच आचारांवरून.

तेलाच्या व्यवसायाचा या समाजाच्या आहाराशीही संबंध होता. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे मांस व दुग्धजन्य पदार्थ एकत्र शिजविण्यास मनाई आहे. जनावरांच्या काही भागांची चरबीही निषिद्ध आहे. त्यामुळे सामिष स्वयंपाकात लोणी वा तूप वापरता येत नसे. वनस्पतिजन्य तेल व नारळाचे दूध ही त्यांची स्वाभाविक साधने ठरली. दुधाऐवजी नारळाचे दूध घालून केलेला हलवा हे या समाजाचे वैशिष्ट्यपूर्ण पक्वान्न आहे. कोकणच्या सर्वसाधारण पाकपद्धतीतही नारळाचे स्थान मोठे असल्याने शेजारच्या समाजांच्या आणि त्यांच्या स्वयंपाकात पुष्कळ साम्य राहिले.

अठराव्या शतकात बेने इस्राएल कुटुंबे मुंबईस जाऊ लागली. सैन्यातील नोकरी, सुतारकाम व कारकुनी यांत त्यांचा शिरकाव झाला. मुंबईतील त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ मध्ये सॅम्युएल एझिकिएल दिवेकर यांनी बांधले. मूळ प्रदेशातही वस्ती राहिली. पनवेल येथील ‘बेथ एल’ हे प्रार्थनामंदिर १८४९ मधील आहे. १९४८ मध्ये इझ्राएल राष्ट्राची स्थापना झाल्यावर समाजातील बहुसंख्य लोकांनी तेथे स्थलांतर केले. तोपर्यंत त्यांच्यापैकी बहुतेकांनी घाण्याचा व्यवसाय सोडलेला होता. समाजाचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल केहिमकर यांचा ग्रंथ १८९७ मध्ये लिहून झाला व १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या जुन्या व्यवसायाचा वृत्तांत आढळतो.

घाण्याची रचना व कार्य : घाणा म्हणजे जमिनीत घट्ट रोवलेले लाकडी उखळ व त्यात तिरपी बसविलेली जड लाट होय. लाटेचा वरचा भाग एका आडव्या लाकडाला जोडलेला असतो. या लाकडाच्या टोकावर वजन ठेवून त्यास बैल जुंपतात. बैलाच्या डोळ्यांवर झापडे बांधून त्यास उखळाभोवती फिरविले जाते. लाट उखळाच्या कडेवर दाब देत फिरते व बिया चिरडल्या जातात. तिळाच्या घाण्यात मधून मधून थोडे पाणी शिंपडतात. पाण्यामुळे बियांतील प्रथिनयुक्त भाग फुगून एकत्र येतो व तेल सुटे होते. पाण्याचे प्रमाण चुकल्यास तेल गढूळ होते वा पेंड घट्ट बसत नाही. हा अंदाज तेल्यास अनुभवाने येत असे व घाणेकऱ्याचे कौशल्य मुख्यतः यातच असे.

घाण्यात उष्णता फारशी निर्माण होत नाही. त्यामुळे तेलाचा मूळ वास, रंग व त्यातील जीवनसत्त्व ई सारखे घटक बव्हंशी टिकतात. मात्र पेंडीत १० टक्क्यांहून अधिक तेल राहून जाते. अशी पेंड गुरांना पौष्टिक असली, तरी व्यापारी दृष्ट्या हे नुकसानच होय. अमेरिकन संशोधक व्हॅलेरिअस अँडरसन यांनी १९०० मध्ये पेटंट घेतलेल्या सतत चालणाऱ्या मळसूत्री दाबयंत्रात (एक्स्पेलरमध्ये) हे प्रमाण ६ ते ८ टक्क्यांवर येते. हेक्झेनासारख्या विद्रावकाने तेल विरघळवून काढल्यास पेंडीत १ टक्क्याच्या आसपासच तेल उरते. घाण्याचा पराभव कशामुळे झाला, हे या तीन आकड्यांवरून स्पष्ट होते.

पनवेलची बाजारपेठ : खाडीकाठी वसलेले पनवेल हे मुंबई व देश यांमधील मालाच्या चढउताराचे ठिकाण होते. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता तयार झाल्यावर मुंबईहून बोटीने पनवेल व तेथून गाडीने पुणे हा नेहमीचा मार्ग बनला. घाटावरील तेलबिया व कोकणातील तांदूळ, मीठ व नारळ यांची येथे देवघेव होत असे. येथील नगरपालिका १८५२ मधील असून ती राज्यातील अगदी जुन्या नगरपालिकांपैकी एक होती. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, ती कल्याण-कर्जतमार्गे. पनवेल बाजूस पडले. पनवेलला लोहमार्ग पोहोचला तो १९६४ मध्ये, म्हणजे तब्बल एका शतकानंतर. देशावरील तेलबिया या मधल्या काळात रेल्वेने थेट मुंबईच्या गोदींत व गिरण्यांत जाऊ लागल्या. कोकणातील घाण्यांना स्थानिक तिळावर व खोबऱ्यावर अवलंबून राहणे भाग पडले.

त्याच सुमारास दुसरा आघात झाला. तेल्याचा निम्मा व्यवहार दिव्याच्या तेलाचा असे. उंडी, करंज व एरंड यांची तेले समया व पणत्यांत जळत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वस्त रॉकेल खेडोपाडी पोहोचले आणि कडू तेलाची मागणी झपाट्याने घटली. स्वयंपाकाचे तेल एवढाच आधार उरला व त्यातही गिरणीच्या तेलाची स्पर्धा सुरू झाली.

पनवेलमध्ये तिळाच्या तेलाचा एक उपयोग मात्र वाढत गेला. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ मध्ये येथे श्री धूतपापेश्वर ही आयुर्वेदीय औषधांची निर्मिती संस्था स्थापिली. आयुर्वेदातील बहुसंख्य सिद्ध तेले तिळाच्या तेलात वनस्पतींचे काढे व कल्क शिजवून तयार करतात. दीर्घकाळ टिकणारे तेल ही त्यांची पहिली गरज असते व ती तिळाचे तेल उत्तम रीतीने भागविते. याचे रासायनिक कारण पुढे दिले आहे.

रासायनिक स्वरूप : तेले व वसा ही ग्लिसरॉल आणि वसाम्ले यांची संयुगे आहेत, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मीशेल यूजीन शेव्ह्रल यांनी १८२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सिद्ध केले. ग्लिसरॉलाच्या एका रेणूशी वसाम्लांचे तीन रेणू जोडले जाऊन ट्रायग्लिसराइड बनते. वसाम्लाच्या कार्बन-साखळीत द्विबंध नसल्यास ते संतृप्त, एक वा अधिक असल्यास असंतृप्त म्हटले जाते. द्विबंधापाशी साखळीस बाक येतो. बाकदार साखळ्या एकमेकींस चिकटून बसू शकत नाहीत, म्हणून असंतृप्त वसाम्लांचे प्राबल्य असलेली तेले थंडीतही पातळ राहतात [⟶ तेले व वसा].

खोबरेल तेलात सु. ९० टक्के वसाम्ले संतृप्त असून त्यांपैकी जवळजवळ निम्मे लॉरिक अम्ल असते. ते सु. २५° से. खाली गोठते. हिवाळ्यात बाटलीतील खोबरेल घट्ट होते ते यामुळे. कोकमाच्या बियांपासून निघणाऱ्या भिरंडेलात स्टिअरिक व ओलेइक ही अम्ले मुख्य असतात. ते सु. ४०° से. पर्यंत घट्ट राहत असल्याने वड्यांच्या रूपात ठेवता येते व भेगाळलेल्या त्वचेस लावण्यासाठीही वापरले जाते. भुईमुगाच्या तेलात ओलेइक व लिनोलिइक ही अम्ले प्रमुख आहेत, तर तिळाच्या तेलात ही दोन्ही सुमारे समप्रमाणात, प्रत्येकी ४० टक्क्यांच्या आसपास, असतात. करडईच्या तेलात लिनोलिइक अम्ल सु. ७५ टक्के असते. जवसाच्या तेलात तीन द्विबंधांचे लिनोलेनिक अम्ल निम्म्याच्या आसपास असते. ते हवेत लवकर सुकून पापुद्रा धरते, म्हणून रंग व रोगणात उपयोगी पडते. विदर्भात ते ताजे असताना खाण्यातही वापरले जात असे. असंतृप्ततेचे माप आयोडिन मूल्याने देतात. हे मूल्य खोबरेलाचे ७ ते १०, भुईमूग तेलाचे ८५ ते ९९ व करडई तेलाचे १३५ ते १४८ इतके असते.

तेल खवट होण्याची कारणे दोन आहेत. पहिल्या प्रकारात हवेतील ऑक्सिजन द्विबंधाजवळ विक्रिया करून पेरॉक्साइडे व त्यांपासून उग्र वासाची आल्डिहाइडे बनवितो. दुसऱ्या प्रकारात ओलाव्यामुळे ट्रायग्लिसराइडांचे विघटन होऊन वसाम्ले मुक्त होतात. कोकणातील दमट पावसाळ्यात खोबऱ्याच्या तेलास साबणासारखी चव येते ती मुक्त झालेल्या लॉरिक अम्लामुळे. तिळाच्या तेलात द्विबंध भरपूर असूनही ते चांगले टिकते. त्यातील सेसॅमोलिन या संयुगापासून सेसॅमॉल हे फिनॉल वर्गातील संयुग तयार होते व ते ऑक्सिडीकरणास विरोध करते. वर्षभराच्या लोणच्यांसाठी व औषधी तेलांसाठी तिळाचे तेल पसंत करण्याची रूढी या गुणधर्मावर आधारलेली आहे.

वनस्पति तूप : निकेल उत्प्रेरकाच्या साहाय्याने द्विबंधांत हायड्रोजन घालता येतो, हे पॉल साबात्ये यांनी वायुरूप संयुगांच्या बाबतीत दाखविले होते. त्यांना १९१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जर्मन रसायनशास्त्रज्ञ व्हिल्हेल्म नॉर्मान यांनी १९०२ मध्ये ही विक्रिया द्रव तेलांना लागू करण्याचे पेटंट घेतले. द्रव तेलापासून हवे तेवढे घट्ट, रवाळ व पांढरे स्निग्ध द्रव्य मिळू लागले. पहिल्या महायुद्धानंतर अशी वसा हॉलंडमधून भारतात येऊ लागली. मुंबईत शिवडी येथे हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने १९३२ मध्ये उत्पादन सुरू केले व १९३७ पासून ‘डालडा’ हे नाव प्रचारात आले. पुढे हे नाव इतके रुळले, की वनस्पति तूप या अर्थी ते सामान्यनाम बनले. तुपासारखे दिसणारे, तुपाहून स्वस्त व दीर्घकाळ टिकणारे हे द्रव्य मध्यमवर्गीय स्वयंपाकघरात, मिठाईच्या दुकानांत व खानावळींत झपाट्याने शिरले.

याच काळात घाण्याच्या पुनरुज्जीवनाचेही प्रयत्न झाले. महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीत घाण्याच्या रचनेत सुधारणा केल्या व ‘वर्धा घाणी’ प्रचारात आणली. गांधींनी वनस्पति तुपावर ‘हरिजन’मधून टीका केली. स्वातंत्र्यानंतर त्यावर बंदी घालावी अशी मागणी संसदेत विधेयकाच्या रूपाने पुढे आली. बंदी आली नाही, नियंत्रण आले. दुसऱ्या बाजूस तेल तंत्रविद्येचे उच्च शिक्षण महाराष्ट्रातच विकसित झाले. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रविद्या विभाग १९३३ मध्ये आणि नागपूरची लक्ष्मीनारायण तंत्रविद्या संस्था १९४२ मध्ये स्थापन झाली. या दोन्ही संस्थांतून बाहेर पडलेल्या तंत्रज्ञांनी देशातील तेल व साबण उद्योगांची उभारणी केली.

भेसळ व तिळाची कसोटी : वनस्पति तुपाविरुद्धचा मुख्य आक्षेप त्याच्या पोषणमूल्याइतकाच त्याच्या दिसण्याविषयी होता. ते तुपात बेमालूम मिसळता येई. गरीब ग्राहकाची यात दुहेरी फसवणूक होत असे. तुपाचे दाम देऊन त्यास वनस्पति मिळे आणि प्रामाणिक गवळ्याचे तूपही संशयास्पद ठरे. तुपात ब्युटिरिक अम्लासारखी बाष्पनशील वसाम्ले असतात. त्यांचे माप देणारे रायखर्ट-माइस्ल मूल्य तुपाच्या बाबतीत सामान्यतः २० ते २८ किंवा त्याहून अधिक, तर बहुतेक वनस्पतिज तेलांच्या बाबतीत जवळजवळ शून्य असते. तथापि जनावरास सरकी खाऊ घातल्यास हे मूल्य उतरते. म्हणून कापूस पिकणाऱ्या प्रदेशातील तुपासाठी किमान मर्यादा वेगळी व कमी ठेवावी लागली आणि थोड्या प्रमाणातील भेसळ या कसोटीतून निसटू शकली.

यावर काढलेला उपाय साधा व परिणामकारक होता. वनस्पति तूप तयार करताना त्यात किमान ५ टक्के तिळाचे तेल घालणे कायद्याने बंधनकारक करण्यात आले. तिळाच्या तेलावर तीव्र हायड्रोक्लोरिक अम्ल व फुरफुराल यांची विक्रिया केल्यास किरमिजी लाल रंग येतो. सेसॅमोलिनापासून सुटणारे सेसॅमॉल या रंगास कारणीभूत असते. ही बोदूँ कसोटी होय. परीक्षानळीत संशयित तूप, अम्ल व फुरफुरालाचे काही थेंब घेऊन हलविल्यास दोन-चार मिनिटांत वनस्पतीची भेसळ उघड होते. उपकरणे जवळ नसलेल्या निरीक्षकासही ती करता येते. अशा रीतीने, ज्या तिळाचा घाणा कारखान्याच्या वसेमुळे मागे पडला, तोच तीळ त्या वसेचा साक्षीदार म्हणून नेमला गेला. १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखालील असंख्य खटल्यांत ही कसोटी उपयोगी पडली. वनस्पतीत दर ग्रॅमला २५ आंतरराष्ट्रीय एकक जीवनसत्त्व अ घालण्याचीही सक्ती करण्यात आली. त्यामुळे तुपाच्या तुलनेतील एक उणीव काही प्रमाणात भरून निघाली.

ट्रान्स वसा : हायड्रोजनीकरण अर्धवट थांबविल्यास उरलेल्या द्विबंधांपैकी काहींची रचना बदलते. नैसर्गिक तेलांतील बाकदार (सिस) साखळीऐवजी जवळजवळ सरळ (ट्रान्स) साखळी बनते. द्विबंध असूनही ही साखळी संतृप्त अम्लासारखी घट्ट बसते. वनस्पतीस तुपाचा घट्टपणा येण्यात तिचा वाटा मोठा होता. पोषणविषयक आक्षेप घेणाऱ्यांना १९४०–५० या दशकात ही रचना दाखविता येत नव्हती. त्यांचे म्हणणे नैतिक व आर्थिक भूमिकेवर आधारलेले होते. नेदर्लंड्समधील मेन्सिंक व काटान यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ट्रान्स वसाम्लांमुळे रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढते व हितकर कोलेस्टेरॉल घटते, असे दिसून आले. हृदयविकाराशी असलेला संबंध नंतरच्या अभ्यासांनी दृढ केला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये औद्योगिक ट्रान्स वसा अन्नातून हद्दपार करण्याचे आवाहन केले. भारतात तेले व वसा यांतील तिचे कमाल प्रमाण १ जानेवारी २०२१ पासून ३ टक्के व १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के ठरविण्यात आले. वारंवार तापविलेल्या तळणाच्या तेलातही अपायकारक ध्रुवीय संयुगे साचतात. त्यांची कमाल मर्यादा २०१८ पासून २५ टक्के आहे.

सद्यःस्थिती : १९८६ मध्ये तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू झाल्यावर देशातील उत्पादन काही वर्षे झपाट्याने वाढले. १९९४ नंतर आयात खुली होताच पामतेलाचा ओघ सुरू झाला व आता देशाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येते. पामतेलात पामिटिक अम्ल मूळचेच सु. ४४ टक्के असते. ते स्वभावतः अर्धघट्ट असल्याने हायड्रोजनीकरणाची गरज कमी भासते; त्यामुळे ट्रान्स वसेवरील मर्यादा पाळणे उद्योगास सोपे गेले, पण आहारातील संतृप्त वसेचा प्रश्न शिल्लक राहिला. पनवेलशेजारी उरण तालुक्यात १९८९ मध्ये सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदरात इतर द्रव मालाबरोबर खाद्यतेलेही उतरविली जातात. जेथून एके काळी तेलबिया बाहेर जात, त्याच किनाऱ्यावर आता परदेशी तेल येते.

उदासिनीकरण, विरंजन व निर्गंधीकरण या क्रियांनी शुद्ध केलेले कारखान्यातील तेल स्वच्छ व टिकाऊ असते. मात्र त्याचा मूळ वास व काही उपयुक्त गौण घटक नाहीसे होतात. त्यामुळे अलीकडे विजेवर चालणाऱ्या लाकडी घाण्यांच्या तेलास शहरांतून पुन्हा मागणी येऊ लागली आहे. घाण्याचे तेल आपोआपच आरोग्यदायी ठरते, असा समज मात्र शास्त्रीय दृष्ट्या योग्य नाही. खवट किंवा बुरशी लागलेल्या बियांचे तेल न शुद्ध करता वापरल्यास ते अपायकारकच असते. बुरशीयुक्त भुईमुगातील अफ्लाटॉक्सिने शुद्धीकरणात बव्हंशी निघून जातात, साध्या गाळणीत निघत नाहीत. तेलाची निवड करताना ते कोणत्या यंत्रात निघाले यापेक्षा त्यातील वसाम्लांचे प्रमाण, बियांचा ताजेपणा आणि रोजच्या आहारातील एकूण मात्रा या गोष्टी अधिक महत्त्वाच्या आहेत. पनवेल परिसरात बैलाचा घाणा आता व्यवसाय म्हणून उरलेला नाही. शनिवार तेल्यांची आठवण देणारे ‘बेथ एल’ प्रार्थनामंदिर मात्र गावात उभे आहे.